रणवरे स्वर-चौकडी

१५ जून १९४३, सांगली. सकाळी ७.
वही नवी, निब नवा, टर्म नवी. मागच्या वर्षी इंटरला इंग्लिशमध्ये गेलो तो पेपर तपासणाऱ्याच्या पित्तामुळे. त्यावर आता शाई घालवणार नाही. यंदा अभ्यास आहेच, पण मुख्य गाणं.
बोर्डिंगात एका खोलीत आम्ही चौघं. कुंडलचा कृष्णात सावंत, आटपाडीकडचा बिराप्पा कोळेकर, मिरजेचा शांतवन सातपुते आणि मी, मानसिंग रणवरे, राहणार फलटण. काल दुपारी शांतवन धोतर वाळत घालताना चर्चमधलं काहीतरी गुणगुणत होता. कृष्णातने वर एक सूर धरला, बिराप्पाने खाली तिसराच, आणि तरी भांडण न होता गोड लागलं. शांतवन म्हणाला, याला हार्मनी म्हणतात, आमच्याकडे चार पार्टात गातात, आपण चौघं करू या. तत्क्षणी मला कल्पना सुचली की आपण चौघांनी ग्रुप काढावा. शांतवन म्हणतो, हेच तो आधी म्हणाला होता. म्हणणं वेगळं, सुचणं वेगळं.

२१ जून.
ठराव: रोज पहाटे पाचला नदीत कमरेइतक्या पाण्यात खर्ज भरायचा. आज आरंभ. कृष्णेला गढूळ पाणी, ओढ फार. एक म्हैस आधीच उभी होती. मी सा लावल्यावर ती निघून गेली. दुपारपासून सर्दी. ठराव चालू, फक्त पहाट आणि पाणी तूर्त वगळले आहे.

२३ जून.
पार्ट वाटले. वरचा कृष्णात, मधला शांतवन, खालचा बिराप्पा. मी चौथा. शांतवनने समजावलं की चौथा पार्ट सगळ्यात नाजूक, म्हणून तो अगदी हळू म्हणायचा, इतका की शेजारच्यालाही ऐकू जाता कामा नये. जोखमीचं काम आहे. म्हणूनच माझ्याकडे आलं. शिवाय अनाउन्समेंट मीच करणार.

४ जुलै.
नाव ठरलं: रणवरे स्वर-चौकडी. वाद होईल म्हणून मुद्दे काढून ठेवले होते, एकही लागला नाही. कृष्णातच म्हणाला, ‘तुजंच नाव पायजे गड्या. त्या नावाला कोन अडवत न्हाई.’ खरंच आहे. आमचे आबा फलटण भागात पलटणीच्या भरतीचं काम बघतात, थोरले बंधू नाथाजीराव मिडल ईस्टमध्ये जमादार आहेत. रणवरे म्हटलं की साहेब खुर्ची देतो. पण कृष्णातला माझ्याबद्दल इतका आदर असेल असं वाटलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. (सर्दी अजून आहे.)
कॉलेजात आत्ताच कोणीतरी ‘चांडाळ चौकडी’ म्हणालं. मोठ्या कामाला आधी टिंगल सोसावी लागतेच.

१९ जुलै.
मी लिहिलेलं ‘हे उषे, ऊठ’ आज तालमीत घेतलं. बारा कडवी. दुसऱ्या कडव्याला बिराप्पा झोपला. मेंढरामागे हिंडलेला माणूस, बसला की झोपतो.
मग त्याने त्याच्या आईची एक ओवी म्हटली. आई धोंडुबाई, मेंढरं घेऊन कोकणाच्या अंगाला जाताना म्हणते ती. ‘वाट जाई डोंगराला, माजं मन माळाला.’ एवढंच, परत परत. शांतवनने तासाभरात चार पार्ट बसवले. बोर्डिंगचा आचारी कढई तशीच ठेवून दारात येऊन उभा राहिला. आमटी करपली.
‘हे उषे’ खास प्रसंगासाठी राखून ठेवलं आहे.

८ सप्टेंबर.
काल गणपतीत कॉलेजच्या हॉलमध्ये पहिला जाहीर कार्यक्रम. अनाउन्समेंटला पंचवीस मिनिटं घेतली. उत्सुकतेने मुलं पाय आपटत होती. मग ओवी. हॉलमध्ये टाचणी पडली असती तर मीच चिडलो असतो. प्रिन्सिपॉलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. लोकांनी चार वेळा म्हणायला लावली. आजच तीन गावांची निमंत्रणं. महाराष्ट्रात असं कोणी गायलं नसेल. शांतवन म्हणतो त्याच्या चर्चमध्ये दर रविवारी गातात. ते सोडून.

२६ सप्टेंबर.
लेटरहेड छापून आलं. कृष्णातने सुचवलं की वॉर फंडासाठी गायचं म्हटलं तर हिंडायला सर्टिफिकेट मिळेल. मला आश्चर्य वाटलं. मागच्या वर्षी ऑगस्टात हाच कॉलेजच्या फाटकावर झेंडा घेऊन चढला होता आणि पाठीवर अजून वळ आहेत. माणूस सुधारतो. आबांच्या ओळखीने मामलेदार साहेबांचा कागद आला: रणवरे आणि मंडळी यांस प्रवासात अडवू नये, सामान तपासू नये. तिघांनी कागद हातात घेऊन पुन्हा पुन्हा वाचला. बिराप्पाने तर कपाळाला लावला. भोळा आहे.

१० ऑक्टोबर.
एक तक्रार. आम्ही पेटीशिवाय गातो. तरी प्रत्येक गावाला पेटी न्यायचीच असा शांतवनचा आग्रह. पेटी वाजत नाही. मी भाता हलवून पाहिला, आत काहीतरी अडकलेलं. कृष्णातने माझा हात झटकला. म्हणाला, ‘तिला दमा झालाय, तू हात लावू नगंस.’ आणि जड किती! दोघांना उचलत नाही. न वाजणारी पेटी का न्यायची हे विचारणार होतो. मग लक्षात आलं. प्रतिष्ठा. पेटी नसली तर लोकांना वाटेल भजनी मंडळ आहे.

१७ ऑक्टोबर.
येरळेच्या काठी एक वस्ती आहे, कुंडलपासून पलीकडे. तिथे कृष्णातची विधवा आत्या साळूबाई राहते. काल संध्याकाळी तिच्या अंगणात कार्यक्रम. कृष्णातने ओढ्यातल्या पायवाटेने नेलं. ती भाकरीवर तुपाची धार सोडते ती थांबतच नाही. मला म्हणाली, ‘आवं पावनं, तुमी गात न्हाईसा व्हय? तोंड हलतंय निस्तं.’ अडाणी बाई. चौथा पार्ट तिला काय कळणार. पण हाताला चव आहे.
प्रेक्षकांत पंचवीसेक घोंगडीवाले मागे बसले होते. पहिलं गाणं संपताच एकेक उठून गोठ्याकडे गेले. कृष्णातही गेला. अर्ध्या तासाने परतले. भावना अनावर झाल्या असाव्यात. कृष्णातला विचारलं तर म्हणाला, व्हय, लयच अनावर झाल्या.

२५ ऑक्टोबर, सातारा.
वॉर फंडासाठी आमचा सर्वांत मोठा कार्यक्रम, कलेक्टर साहेब पुढच्या रांगेत. सातारा रोड स्टेशनवर पेटी टांग्यात चढेना. पोलिसाने सर्टिफिकेट पाहून सलाम ठोकला आणि स्वतः हात लावला. मी म्हणालो, जपून हं, आमचा जीव आहे त्यात. शांतवनचा चेहरा चुन्यासारखा. त्याला प्रवास सोसत नाही.
ओवीला टाळ्या थांबेनात. ‘हे उषे’ म्हणायला वेळ उरला नाही.

२६ ऑक्टोबर, सातारा.
सकाळी फिरायला गेलो तर संताप झाला. गावभर सरकारविरोधी बुलेटिनं डकवलेली. आमच्या जाहिरातींवरसुद्धा! माझ्या नावातल्या ‘रण’वर बरोबर एक. खरवडलं, निघेना, खळ चांगली होती. बिराप्पाला दाखवलं तर तो मान फिरवून खोकला.
परतताना पेटी मी एकट्याने उचलली. साताऱ्याची हवा कोरडी, लाकूड सुकलं असणार.

६ नोव्हेंबर, सांगली.
मोठी बातमी. कोणालाही सांगायची नाही, म्हणून इथे लिहितो. आज गूळपेठेजवळच्या हॉटेलात एक गृहस्थ भेटले. फडतरे साहेब. वय चाळीस, गोरे, बोलणं मऊ. ग्रामोफोन कंपनीचे एजंट, कोल्हापूरला असतात. साताऱ्याला त्यांनी आम्हाला ऐकलं. म्हणाले, चौघांत तुमचाच आवाज लक्षात राहिला. मी म्हणालो, चौथा पार्ट नाजूक असतो. म्हणाले, म्हणूनच.
रेकॉर्ड काढायची म्हणतात! लेबलवर ‘रणवरे’. सध्या इतरांना कळू द्यायचं नाही, कारण कंपन्यांमध्ये चढाओढ आहे. पटलं.

१४ नोव्हेंबर.
फडतरे साहेब पुन्हा भेटले. चहा, भजी. कंपनीला कलाकारांचा संपूर्ण परिचय लागतो: कुठे कुठे गाता, कोणाकडे उतरता, श्रोते कसे असतात, सगळं तारखांसह. मला आनंद झाला, कारण आजवर एवढ्या बारकाईने मला कोणी काही विचारलं नव्हतं. पेटीचाही विषय निघाला. मी म्हणालो, ती वाजत नाही, नुसती नेतो. ते खूप हसले. रसिक माणूस. घोंगडीवाल्यांचं सांगितलं तेव्हा मात्र हसले नाहीत. वहीत लिहून घेतलं.

२८ नोव्हेंबर.
परिचय लिहून दिला. सात पानं, सुवाच्य. साळूबाईंचं नाव मुद्दाम घातलं. घराची खूण, गोठा, ओढ्यातली पायवाट, सगळं. फडतरे साहेब म्हणाले होते, कंपनी खास आश्रयदात्यांना एकेक ग्रामोफोन भेट देते. बिचारी बाई एकटी असते. तिने मला कमी लेखलं होतं, पण मी मनात ठेवत नाही.

९ डिसेंबर.
ग्रुपमध्ये शिस्त राहिली नाही. कृष्णात आठवडाभर गायब. विचारलं तर शांतवन म्हणतो घसा बसलाय म्हणून गावी गेलाय. घसा बसायला गावी जावं लागतं का? बाजारात लोक दबक्या आवाजात बोलतात. कुठेतरी खजिना लुटला, कुठेतरी पाटलाला पकडून तळपायावर काठ्या घातल्या. बोर्डिंगात दोनदा झडती. आमची खोली सोडून. रणवरे नावाची पुण्याई. मी तसं म्हणालो, तर शांतवन म्हणाला, ‘तेच मला खटकतंय.’ काय खटकतंय ते सांगेना.

२० डिसेंबर.
आज बिराप्पाशी भांडण. तसं भांडण नाही, तो भांडत नाहीच. मला नदीवर घेऊन गेला. म्हणाला, ‘हाटेलात तुज्यासंगं बसतूय त्यो कोन रं?’ मी म्हणालो, संगीतातले आहेत. म्हणाला, ‘त्येचं पाय बगितलंस? वहाना घालतूय, पन टाच बुटानं घासल्याली हाय. मेंढरामागं फिरलेला मानूस आदी पाय बगतो. त्यो शिपाईगडी हाय मानसिंगा. तू त्येला आमच्याबद्दल कायबी बोल्लास का?’
मला राग आला. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझी कदर केली तर ह्यांच्या पोटात दुखतं. मी म्हणालो, एक अक्षर बोललो नाही. हे खोटं नाही. बोललो नाही, लिहून दिलं होतं.
त्याने माझ्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, ‘बरं. तू म्हनतूस तर न्हाई.’ आणि खांद्यावर हात टाकून परत आला. हात जड आहे त्याचा. खांदा अजून दुखतो.

२ जानेवारी १९४४.
नव्या वर्षाचे ठराव: रोज रियाज. इंग्लिश. फडतरे साहेबांशी संबंध कमी. (बिराप्पाचं पटलं म्हणून नव्हे, भजी बाधतात.)
कृष्णात आला. वाळलाय, दाढी वाढलीय, बसताना पाठ भिंतीला लावून बसतो. ११ तारखेला साळूआत्याच्या वस्तीवर कार्यक्रम ठरला. म्हणाला, ‘ह्यो झाला की मग थोडं दिस गायचं न्हाई.’ मोठं काहीतरी असावं. मी विचारलं, किती लोक? म्हणाला, ‘असत्याल. सगळंच असत्याल.’ मग माझा हात धरला आणि म्हणाला, ‘तुला लय वापरून घेतलं गड्या. कवातरी सांगीन.’ मी म्हणालो, लीडर हा वापरण्यासाठीच असतो.

६ जानेवारी.
फडतरे साहेब रस्त्यात भेटले. टाळता आलं नाही. पुढचा कार्यक्रम कधी म्हणाले. नुसती तारीख सांगितली. तारखेत काय असतं? जाहिरातीवरसुद्धा असते. आमची जाहिरात या वेळी काढली नव्हती, तो भाग वेगळा.
त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली, पाहिली, आणि म्हणाले, ‘अरेरे, अकरालाच तुमची कोल्हापुरात व्हॉइस टेस्ट ठेवलीय. एकट्याची. साहेब मुंबईहून येतायत. तुम्ही तिकडे जाऊ नका, रणवरे. कोल्हापूरलाच या. नक्की या.’ शेवटचं दोनदा म्हणाले. इतकी आस्था.

१० जानेवारी, कोल्हापूर.
लॉजमध्ये उतरलो. तिघांना सांगितलं की आबा आजारी आहेत. बिराप्पाने मोटारस्टँडपर्यंत पिशवी आणली. त्याच्या आईने दिलेला हुलगा आबांसाठी बांधून दिला, माडगं करून द्या, अंगात ऊब येती म्हणाला. मोटार हलली तरी उभाच होता. कोट इस्त्रीला दिला आहे. उद्या ‘हे उषे’.

११ जानेवारी. संध्याकाळी ६.
सकाळी आठपासून कोट घालून बसलो आहे. कोणी आलं नाही. बहुधा मुंबईची गाडी लेट. दुपारी जेवलो नाही, आवाज जड होतो. मालक विचारून गेला, कोणाची वाट बघताय? मी म्हणालो, कंपनीची. म्हणाला, कुठली कंपनी? फडतरे साहेबांनी कधी नाव सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. विचारणं बरं दिसलं नसतं.

१२ जानेवारी. दुपारी.
आजही कोणी नाही. लॉजसमोर लोक घोळका करून काहीतरी बोलत होते, येरळा शब्द ऐकू आला. मी खिडकी लावून घेतली. रियाजात अडथळा येतो.

१३ जानेवारी, सांगली.
बिराप्पा गेला.
वस्तीला पहाटेपासूनच लांबून छुपा वेढा होता. हे आचाऱ्याने सांगितलं, त्याचा भाऊ तिकडचा आहे. अंगणात लोक जमले, गाणं सुरू झालं, तेव्हा ओढ्यातल्या पायवाटेने पोलीस वर आले. ती वाट बाहेरच्या कोणाला ठाऊक नाही म्हणे. सगळे पांगले. बिराप्पा पळाला नाही, गोठ्याच्या दारात पेटी घेऊन उभा राहिला, मागून माणसं निघेपर्यंत. मग शेवटी नदीकडे निघाला, तेव्हा येरळेच्या वाळूत त्याला दोन गोळ्या लागल्या. कृष्णात आणि शांतवन पकडले. साळूबाईला गाडीला बांधून नेलं. तिचं घर जाळलं.
आमच्या खोलीला कुलूप. माझी ट्रंक मात्र व्हरांड्यात नीट काढून ठेवलेली. वरून फडकं झाकलेलं.

१४ जानेवारी.
झोप नाही. ठरवलं: चौकीवर जाऊन जाब विचारायचा. मी लीडर आहे. मंडळाचं नाव रणवरे आहे. तिघांना धरता आणि मला विचारत नाही, याला काय म्हणायचं? मलाही अटक करा, असं सांगायचं. रस्त्याने तीनदा तोंडाने म्हणून पाहिलं.
आत टेबलामागे फडतरे साहेब. युनिफॉर्ममध्ये. उठून उभे राहिले, खुर्ची दिली. संक्रांत आहे म्हणून तिळगूळ पुढे केला. म्हणाले, ‘घ्या. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार कळवा. तुम्हाला कोल्हापूरला पाठवलं ते त्यांच्यासाठी.’ टेबलावर सात पानं होती. सुवाच्य.
मी तिळगूळ घेतला. काय करणार, दिला.
जे बोलायचं होतं ते राहून गेलं.
संध्याकाळी विचार केला. फडतरे साहेब बहुधा दोन्हीकडे नोकरी करत असावेत. महागाई आहे. आणि पोलिसांना ती वाट कोणीही सांगितली असेल. गुराख्यांना ठाऊक असतेच.

३ मार्च १९४४, फलटण.
कॉलेज सोडलं. प्रकृतीसाठी. आबांना वरून आभाराचं पत्र आलं: रणवरे घराण्याची राजनिष्ठा वगैरे. त्यांनी काच लावून बैठकीत टांगलं. येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवतात. मी उसाला पाणी द्यायला जातो, ते वाचायला लागले की.
ठराव: चौकडीचा इतिहास लिहायचा. पुढच्या पिढीला कळलं पाहिजे. पहिलं प्रकरण झालं (माझं बालपण).

२२ जून १९४६.
कृष्णात आणि शांतवन सुटले असं पेपरात. हार घेऊन जाणार होतो. मोटार मिळाली नाही. म्हणजे मिळाली, जागा नव्हती. म्हणजे खिडकीजवळ नव्हती. साळूबाई तुरुंगातून आधीच सुटली आहे, एका पायाने अधू.
इतिहासाचं दुसरं प्रकरण चालू (आमचं घराणं).

३० ऑगस्ट १९४७.
स्वातंत्र्य आलं. आबांनी पत्र काढून तिथे झेंड्याचं चित्र लावलं. खिळा तोच.
मी तालुक्याच्या सभेत पाच मिनिटं बोललो. चौकडीने चळवळीत बुलेटिनं कशी पोचवली ते सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेटीत काय असायचं हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, असं बोलण्याच्या ओघात म्हणालो. नीट आठवून पाहिलं तर असेलही.

५ जानेवारी १९४८.
शांतवनचं कार्ड. तो आता मिरजेला मास्तर आहे. ११ तारखेला बिराप्पाच्या गावात त्याच्या नावाचा दगड बसवणार आहेत. ‘त्याची आई तुझी आठवण काढते. येणं जमव.’ भाषण तयार केलं: ‘स्वर-चौकडी: उदय आणि वारसा’. चौदा पानं. ‘हे उषे’ही सोबत नेणार.

११ जानेवारी १९४८. आटपाडीकडून परत, मिरज स्टेशन. दुपारी ३.
काल संध्याकाळीच पोचलो होतो. कृष्णात मोटारीपाशी न्यायला आला. केस पांढरे झालेत, सव्विसाव्या वर्षी. गावाकडे न नेता माळावर घेऊन गेला. मी भाषणाबद्दल सांगू लागलो. तो ऐकत होता. मग म्हणाला, ‘आमाला तवाच ठाव हुतं मानसिंगा. जेलात तुजं सात कागद दावलं. तुजं अक्षर कोन इसरंल?’
मी म्हणालो, कागद म्हणजे, ते ग्रामोफोनसाठी...
‘ठाव हाय. त्यो फडतरे बी सांगत हुता, हसत हसत. शांतवननं आनि मी तवाच ठरीवलं, भायेर कुनाला सांगायचं न्हाई. सांगितलं असतं तर पोरांनी तुजं पाय ठिवलं नसतं. आनि आमीबी तुला फसीवलंच हुतं की. तुज्या नावाआड लपलो. तवा कुनी कुनाला बोलायचं?’
मी त्याला विचारलं, साळूबाईंना ठाऊक आहे? म्हणाला, कागदातली घराची नि वाटंची खून वाचून दावली तवाच आत्यानं तुला वळकलं, तिनंच पयल्यांदा सांगितलं, त्या पोराला कुनी बोलू नगा, त्येला काय कळत न्हाई.
मग म्हणाला, ‘म्हातारी तेवढी इचारती. बिरूची आई. गावोगाव इचारत फिरली, वाट कुनी दावली म्हनून. आमी म्हनतो ठाव न्हाई. तू बी तेच म्हन. तिला तुजा लय लळा हाय.’

आज सकाळी दगड बसवला. शाळेच्या पोरांनी धोंडुबाईची ती ओवी म्हटली, शांतवनने शिकवलेली, चार पार्टात. मेंढपाळांची पोरं, नाकं गळतायत, अंगात एकेक सदरा, आणि सूर असे की माळावरचे लोक चालता चालता थांबले. चारही पार्ट स्वच्छ ऐकू येत होते. शांतवन हाताने ताल धरून होता. मला कोणीतरी बोलायला बोलावलं आणि मी नाही म्हणालो. चौदा पानं खिशात होती.
धोंडुबाई दगडापाशी बसली होती. मला जवळ बोलावलं. माझा हात घेऊन मांडीवर ठेवला. तळवा खडबडीत, ऊबदार. म्हणाली, ‘तू मानसिंग. बिरू लय सांगायचा तुजं. म्हनायचा, आये, बोलतूय लय, पन मनानं साजूक हाय.’ थोड्या वेळाने म्हणाली, ‘तू शिकल्याला हाईस लेकरा. तुज्या कानावर कायतरी आलं असंल. कुनी सांगितली असंल रं ती वाट?’
आसपास पोरं खेळत होती. कृष्णात लांब उभा होता, पाठमोरा.
मी म्हणालो, ठाऊक नाही.
‘आसंल कुनीतरी,’ म्हणाली. ‘त्येलाबी आई आसंल.’
मोटारीच्या वेळेला तिने फडक्यात भाकरी आणि खर्डा बांधून दिला. सकाळपासून काही खाल्लेलं नाही. शेजारचा माणूस म्हणाला, वास चांगला सुटलाय, सोडा की फडकं.
पुण्याची गाडी आत्ता गेली. मी उठलो नाही. पुढची कधी आहे ते विचारलं, पण काय सांगितलं ते लक्षात राहिलं नाही. फडकं मांडीवर आहे. अजून गरम लागतंय, की मलाच तसं वाटतं, कळत नाही.